भिवानानांनी आणलेला भराव

चाकणला कंपनीच्या मटेरियल गेटवर भिवानाना ड्युटीला असले की ट्रकवाले लांबूनच मागचा फाळका खाली सोडायचे. कारण नाना हौद्यात डोकावल्याशिवाय गाडी आत सोडायचे नाय. आत गवताची काडी दिसली, तेलाचा डाग दिसला, की शिट्टी. "ए भावा, गाडी झाडून आण. नवे पार्ट भरायचेत इथं, शेणखत नाय." ड्रायव्हर तमिळ असू दे नायतर पंजाबी, नानांची शिट्टी सगळ्यांना कळायची. माणूस अंगानं बारीक पण युनिफॉर्म कडक. इस्त्री दुसऱ्या कुणाच्या हातची चालायची नाय, बायकोच्यासुद्धा. कस्तुराकाकू म्हणायच्या, "माझ्याकडं कधी येवढं निरखून बघितलं न्हाई, जेवढं त्या पॅन्टच्या घडीकडं बघत्यात."

असा माणूस. दुसऱ्याच्या गाडीतली काडी ज्याला दिसायची. म्हणून तर पुढं झालं ते त्यांच्या घशाखाली कधी उतरलं नाय, आन ते गेल्यावर आता आमच्याबी उतरत नाय.

आमची वस्ती म्हाळुंग्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. पुढं आमची बौद्धांची जुनी घरं, मागं पत्र्याच्या खोल्या, त्यात बीड-लातूरकडनं कंपनीत कामाला आलेली लोकं. मधी विहार. छोटा पण नेटका, फक्त अंगण खोल. आजूबाजूला रस्ते उंच झाले, गोडाऊनवाल्यांनी आपापल्या जागा भरून घेतल्या, आन सगळ्यांचं सांडपाणी उतरून आमच्या अंगणात. पौर्णिमेच्या वंदनेला बाया पांढरी लुगडी नेसून यायच्या आन निऱ्या मुठीत धरून उभ्या राहायच्या. भंतेजी आले की त्यांच्या पायाखाली फळी टाकायची. दर मीटिंगला आबाजी, म्हणजे आमच्या कमिटीचे अध्यक्ष, उठून म्हणायचे, "यंदा भराव करायचाच." दर मीटिंगला सगळे माना हलवायचे. मग चहा.

नानांना त्या फळीची लय लाज वाटायची. भंतेजींना चिखलातनं न्यावं लागतं म्हणजे काय. ते काकूंना म्हणायचे, "दुसऱ्याच्या गेटवर मी मातीचा कण जाऊ देत न्हाई, आन आपल्या विहाराचं हे असं."

तर गावात बबनराव म्हणून एक. मुरूम, भराव, जेसीबी, असली कामं घ्यायचे. नानांना ओळखायचे, कारण गेटवरनं हाकललेल्या गाड्या त्यांच्याच मोकळ्या जागेत जाऊन झाडल्या जायच्या. एक दिवस ते चहाच्या टपरीवर नानांच्या शेजारी बसले.

"किती गाड्या हाकलशील रं भिवा? तू हाकलतो, आमी घेतो."

"मग आभार माना माझं."

"आभारच मानाया आलोय. कोल्हापूरच्या पलीकडनं, कर्नाटकातनं गाड्या येत्यात तुमच्याकडं माल भराया. येवढ्या लांबनं रिकामं कोण येतंय? फाउंड्रीची, लोखंड ओतायला वापरलेली वाळू घेऊन येत्यात. काळी, कोरडी, दाबली की सिमेंटावानी बसती. माझी जागा भरली. तुमच्या विहाराला भराव पाहिजे म्हणं?"

"पाहिजे तर हाय. पण फुकट?"

"आरं, धर्माच्या गाईचं दात मोजतो व्हय?"

नाना तरी लगेच हो म्हणाले नाय. दुसऱ्या दिवशी बबनरावांच्या जागेवर गेले, वाळू मुठीत घेतली, चोळली, नाकाला लावली. जळका लोखंडी वास, बाकी काय नाय. मग आबाजींना सांगितलं. आबाजी एवढे खूष झाले की तिथंच मिठी मारली.

बुद्ध पौर्णिमा तोंडावर आली होती. पहिली गाडी आली तेव्हा नाना स्वतः फाळक्यापाशी उभे होते. काळीभोर वाळू सरसर खाली आली. पोरं ढिगावर चढून घसरगुंडी खेळायला लागली. संध्याकाळच्या वंदनेनंतर आबाजींनी माईक हातात घेतला आन म्हणाले, "आयुष्मान भिवा यांच्या प्रयत्नातून आपल्या विहाराच्या अंगणाचा भराव होत आहे, त्यांना धम्मबांधवांच्या वतीनं साधुवाद." सगळ्या वस्तीनं साधू, साधू, साधू म्हटलं. वर हेबी ठरलं की पौर्णिमेला नव्या अंगणात बोधिवृक्षाचं रोप लावायचं, आन ते कस्तुरावहिनींच्या हातानं. काकू घरी आल्या ते रडत आल्या. लग्न होऊन आल्यापासनं त्यांना कुणी कशाला पुढं बोलवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना सेकंड शिफ्टला निघाले, अंगात युनिफॉर्म, पायात बूट. जाता जाता विहारावरनं गेले, तर दुसरी गाडी रिव्हर्स घेत होती. फाळका पडला. आधी वाळू आली. वाळूच्या मागनं काळ्या पिशव्या यायला लागल्या. एक फुटली. त्यातनं लहान पोरांच्या लंगोटांसारख्या त्या कागदी चड्ड्या, वापरलेल्या, सलाईनच्या नळ्या, दुधाच्या पिशव्या, त्याच्यावर कानडी अक्षरं. वास असा आला की नानांनी तोंड फिरवलं.

त्यांचा हात खिशातल्या शिट्टीवर गेला होता. हे त्यांनी स्वतः सांगितलं नंतर. हात शिट्टीवर होता. आन विहारात आबाजी पौर्णिमेसाठी माईक चेक करत होते, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, भिवाभाऊ, तुमच्या घरापर्यंत आवाज जातोय का बघा हो." मजेनं म्हणाले, नाना बाहेर उभे आहेत ते त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. नानांना वाटलं सगळ्या वस्तीचे डोळे आपल्यावर हायेत. कालच तर साधू म्हणलेत. आज शिट्टी मारायची म्हणजे कालचं सगळं पुसायचं. काकूंचं रोप गेलं.

शिट्टी वाजली नाय. एक नळी वाळूतनं वर आली होती, ती त्यांनी बुटानं आत लोटली. मग बुटानंच वरनं वाळू ओढली, इकडनं थोडी, तिकडनं थोडी. ड्रायव्हर केबिनमधनं बघत होता. हसून म्हणाला, "हो गया क्या, साब?"

नाना ड्युटीला गेले. तासाभरात तीच गाडी गेटला आली, हौदा पाण्यानं धुऊन लख्ख. नानांनी आत डोकावलं आन गाडी सोडली. तिच्या मागची मात्र परत पाठवली, कुठंतरी भुसा चिकटला होता म्हणून.

पुढच्या गाड्या कधी आल्या, त्यात काय होतं, नाना बघायलाच गेले नाय. रस्ता बदलला. लांबच्या गल्लीनं जायला लागले. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "तिकडनं कुत्री लागत्यात." सगळ्यावर बबनरावांच्या जेसीबीनं वाळूचा थर फिरवला आन अंगण सपाट, टेबलासारखं. पौर्णिमेला बायांनी निऱ्या मुठीत न धरता वंदना केली. किती तरी वर्षांत पहिल्यांदा.

मग रोप. आबाजींनी काकूंच्या हातात कुदळ दिली. काकूंनी पहिला घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला कुदळ कशात तरी अडकली. त्यांना वाटलं जुनं पोतं असेल, जोर लावून ओढलं. पिशवी फाटत वर आली. काकूंच्या पांढऱ्या लुगड्यावर जे सांडलं ते काय होतं ते लिहवत नाय. बाया मागं सरल्या. एक पोरगं ओकलं. नाना खांबाशी उभे होते. काकूंनी मान वर करून पहिलं त्यांच्याकडंच बघितलं, आन डोळ्यात राग नव्हता हो, काळजी होती. "अहो, आपल्याला फसवलं त्यांनी," म्हणाल्या.

सगळ्यांचं तेच म्हणणं झालं. नाना बिचारे फसले. भोळा माणूस, चांगलं करायला गेला. घरोघरच्या बाया काकूंना सांगायला यायच्या, "तुमच्या मालकांची काय चूक त्याच्यात." नाना आत पलंगावर बसून ऐकायचे. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांना जेवण गेलं असतं. या मायेनं जाईना.

तिकडं अंगणातनं काळं पाणी सुटलं. माश्या. हातपंपाचं पाणी पिवळं आलं. आबाजींनी अर्ज केला आन प्रदूषणवाल्या ऑफिसातनं माणसं आली. त्यांच्या मुख्य होत्या दीक्षा मॅडम. वय कमी, पण बोलणं ठाम. विहाराच्या पायरीपाशी आल्या, बूट काढले, आत जाऊन नमस्कार केला, मग परत बूट घालून कचऱ्यात उतरल्या. बाया एकमेकींना कोपरानं खुणवायला लागल्या, आपलीच पोरगी हाय गं. नानांनी ते बघितलं आन त्यांना जमिनीनं फाटून आत घ्यावं असं झालं.

मॅडमनी कमिटीला समजावून सांगितलं. "दुसऱ्या राज्यातला कचरा असा गाडी भरून आपल्याकडं आणता येत नाही. तिकडच्यांनी आधी कळवायचं, इकडच्यांनी परवानगी द्यायची, आणि मग तो ठरलेल्या जागीच जायचा. इथं यातलं काहीच झालेलं नाही. बाहेरून आला हे सिद्ध झालं तर ज्यांनी पाठवला त्यांना तो उचलायला लावू. नाही झालं, तर ज्याच्या जागेवर सापडला त्याची जबाबदारी. म्हणजे विहाराच्या ट्रस्टवर केस."

"अहो, पिशव्यांवर कानडी लिहिलंय की," आबाजी म्हणाले.

बबनरावांना बोलवून घेतलं होतं. ते पांढऱ्या गाडीतनं उतरले, नाकाला रुमाल. म्हणाले, "मॅडम, मी वाळू टाकली. वाळू म्हणजे वाळू. भिवानं हातानं बघून घेतली, विचारा त्याला. आता खालचं काय ते या वस्तीचंच असणार. मागं सगळे भंगार वेचणारे राहत्यात, कुठनं कुठनं काय आणत्यात देव जाणे. कानडी काय न् गुजराती काय. आन खरं बोलू का? या वस्तीत घाण न्हाई निघणार तर काय निघणार?"

एकदम गप्प झालं सगळं. असं गप्प, की जुनी माणसं जशी व्हायची गावात, तसं. आबाजी पायाखालच्या वाळूकडं बघत राहिले. पोरांच्यात चुळबुळ झाली, एक दोघं पुढं सरले, त्यांना धरलं.

कस्तुराकाकू मात्र पुढं आल्या. "तोंड सांभाळून बोला बबनराव. माझा माणूस तुमच्यावर इस्वास ठेवून फसला. त्याच्या पोटात पाप न्हाई. त्यानं हा कचरा नजरंनं बघितला असता ना, तर गाडीपुढं आडवा पडला असता!"

मॅडम म्हणाल्या, "कुणी बघितलंय का गाडीतून पडताना? एकानं जरी सांगितलं तरी मला पुढं जाता येईल."

कोण सांगणार. सगळे एकमेकांकडं.

नाना खांबापासनं निघाले. चालत मॅडमसमोर आले. मान खाली. म्हणाले, "मी बघितलं."

"काय बघितलं काका?"

"दुसऱ्या गाडीतनं हे पडलं. दुपारी. मी हितंच उभा होतो. शिट्टी व्हती माझ्याकडं." मग थांबले. "नळी वर आली व्हती. मी बुटानं आत लोटली. वरनं वाळू ओढली. तीच गाडी मग आमच्या गेटला आली, मीच आत सोडली. नंबर मिळंल तुमाला कंपनीत."

बबनराव म्हणाले, "भिवा, येड लागलंय का तुला? तूच आत जाशील लेका."

"जाईन," नाना म्हणाले. "पण ही घाण वस्तीची न्हाई, बबनराव. वस्तीत एकटा मीच घाण निघालो."

त्यांनी कागदावर सही केली. काकूंकडं बघायची त्यांची हिंमत झाली नाय. काकू तिथंच उभ्या होत्या, हात अजून वर तसाच, बबनरावांकडं केलेला. तो हात त्यांनी हळू खाली घेतला, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आन घरी निघून गेल्या.

घरी त्या ओरडल्या नाय, भांडल्या नाय. ताट वाढलं, पाणी ठेवलं. नाना जेवायला बसल्यावर भिंतीकडं बघत म्हणाल्या, "मामंजींनी गावची मेलेली ढोरं ओढायची सोडली. गावानं पाणी बंद केलं, दळण बंद केलं. तरी म्हातारा हटला न्हाई. दुसऱ्याची घाण उचलणार न्हाई म्हणाला. आन तुमी दुसऱ्या राज्याची घाण आणून बुद्धाच्या दारात पुरली. मला म्हाईत असतं तर... मला त्यांच्यापुढं बोलू तरी कशाला दिलं?"

नाना म्हणाले, "तू रोप लावणार व्हती म्हणून."

"माझ्यावर नका घालू." एवढंच त्या म्हणाल्या, आन नानांनी घास खाली ठेवला.

पुढं सरकारी पद्धतीनं सगळं झालं, म्हणजे उशिरानं झालं. गाडी सापडली, तिकडचा पाठवणारा ठेकेदार सापडला. या राज्याचं पत्र त्या राज्याला, त्याचं उत्तर याला. बबनराव काही दिवस दिसले नाय, मग दिसायला लागले, केस चालू होती. नानांना मॅडमनी साक्षीदार केलं, आत कुणी टाकलं नाय. पण सिक्युरिटीच्या कंत्राटदारानं त्यांना मटेरियल गेटवरनं काढलं आन पार्किंगला टाकलं, दुचाक्या सरळ लावायला. नाना म्हणाले, बरोबर केलं.

कचरा उचलायला गाड्या आल्या त्या दिवशी नाना फावडं घेऊन हजर. जेसीबी होता, मास्क घातलेली माणसं होती, फावड्याचं काय काम नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही नका, इन्फेक्शन होईल." नाना कोपऱ्यातनं, पायरीच्या फटीतनं, जिथं जेसीबीचा दात पोचत नव्हता तिथनं उकरून काढत राहिले. कुणी त्यांच्या जवळ गेलं नाय. नको म्हणायलाबी नाय आन ये म्हणायलाबी नाय. ताडपत्र्या बांधल्या, सील लावलं, गाड्या गेल्या. अंगणात परत खड्डा.

त्यानंतर नाना विहारात कधी आत बसले नाय. यायचे रोज, पण बाहेर, चपला काढतात तिथं. वंदना तिथनंच म्हणायचे. कुणी म्हणालं "नाना, आत या की", तर म्हणायचे, "हितं हवा लागती." काकू आत बायांच्यात बसायच्या. येताना दोघं बरोबर यायचे पण मधी एक माणूस मावेल एवढं अंतर.

हे असं लय दिवस चाललं. मग नानांच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला आमी वस्तीतले त्यांना पिंपरीला न्यायचो, संत तुकाराम नगरला, पीएमपीच्या बसनं जायचं न् यायचं. तिथंबी बाकावर ते कडेला बसायचे, दुसऱ्याला जागा करून. काकू त्यांचे पाय मांडीवर घ्यायच्या. बोलणं सुधारलं होतं दोघांचं शेवटी. पण त्यांनी काकूंना सांगून ठेवलं, "मी गेल्यावर माझं पुण्यानुमोदन विहारात ठेवू नका. घरापुढंच मांडव घाला. तेवढं ऐक."

गेले. पहाटे गेले, झोपेतच.

आबाजी विचारायला आले, "वहिनी, विहारात ठेवू या ना पुण्यानुमोदन?"

"ते नको म्हणाले व्हते."

"मग कसं करायचं?"

काकूंनी डोळे पुसले. "विहारातच ठेवा. जित्तेपणी काय कमी ऐकलं का त्यांचं?"

वस्ती सगळी आली. कंपनीतले गेटवाले आले, चार ट्रकवालेसुद्धा आले, कुणी कळवलं त्यांना कोण जाणे. एकेक जण उठून बोलत होता. नाना कसे शिस्तीचे, कसे प्रामाणिक. प्रामाणिक म्हटलं की बोलणारा जरा अडखळायचा आन पुढं सरकायचा. आबाजी शेवटी उठले. नानांचं बालपण झालं, नोकरी झाली, आन विहाराच्या भरावापाशी आले तसे म्हणाले, "बाकी आयुष्यात बरंवाईट सगळ्यांच्याच होतं. ते आज नको."

"का नको?" काकू खालूनच म्हणाल्या.

"वहिनी..."

"त्यो माणूस त्या भरावापायी चपलांपाशी बसला मरेस्तोवर. आन तुमी म्हणता नको. बोला."

आबाजी माईक धरून उभे. मग त्यांनी माईक खाली केला, नुसत्या तोंडानं बोलायला लागले, म्हणून पुढच्यांनाच ऐकू गेलं. "वास मलाबी आला होता," म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. मी माईक लावत होतो आत, खिडकीतनं आला. मला वाटलं वाळूनं दबंल. फुकट होतंय, होऊ दे. भिवा पुढं येऊन बोलला तेव्हा मी शेजारीच होतो. मी नाय बोललो."

मागनं कुणीतरी खोकलं. मग मागच्या खोल्यांतली एक बाई म्हणाली, तिच्या दारासमोरच गाड्या लागायच्या, तिनंबी पिशव्या बघितल्या होत्या. एक पोरगा म्हणाला, आमचा चेंडू त्यात पडायचा, आमाला तर सगळं म्हाईत होतं. असं एकेक. सांगताना कुणी मान वर करत नव्हतं.

कस्तुराकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग आबाजींना विचारलं, "हे त्याला का न्हाई सांगितलं वो? एकदा. नुसतं जवळ बसून. तुमचं काय गेलं असतं?"

आबाजींनी माईक खाली ठेवला. भंतेजींनी डोळे मिटले होते. बाहेर चहाचं पातेलं उतरवून ठेवलं होतं, पण कुणी उठलं नाय, आन कुणी कुणाकडं बघितलं नाय.